ऊसतोडणी कुटुंबांचे काम आणि वास्तव्य : दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्या

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) हा एकाच नावाखाली नांदणारे दोन प्रदेश आहे. उत्तरेकडील राहाता, श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव, संगमनेर व नेवासे हा पट्टा प्रवरा, गोदावरी व मुळा यांच्या पाण्यावर बागायती झाला. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले व प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना स्थापन झाला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. सहकारी साखर उद्योगाचा पुढील विस्तार या प्रयोगातून झाला. दुसरीकडे पाथर्डी, शेवगाव व जामखेड या तालुक्यांतील अनेक गावे पर्जन्यछायेत व डोंगरउतारावर वसलेली असून तेथे खरीप निघाला की हाताला काम राहत नाही.

दसरा-दिवाळी सरली की या गावांतून बैलगाड्या, ट्रॅक्टर व मालमोटारी कारखान्यांच्या दिशेने निघतात. जाणारा एकटा पुरुष नसतो, कुटुंब जाते. बायको, लहान मुले, धान्याची पोती, भांडी, शेळ्या, कोंबड्या असा सारा संसार सोबत असतो. घरी म्हातारी माणसे व कुलूप लावलेली दारे राहतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी ही कुटुंबे परततात. वर्षातील पाच-सहा महिने ज्यांचे गाव एक आणि वास्तव्य दुसरे, अशा या कुटुंबांवर कामाची व राहण्याची कोणती बंधने पडतात, त्यांपैकी कोणती कायद्यास मान्य आहेत आणि त्यांच्याबाबत इतरांचे कर्तव्य काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बंधन कसे जन्मास येते

ऊसतोडणीच्या व्यवहारात ‘कोयता’ हा शब्द हत्यारासाठी जसा वापरतात तसा मनुष्यबळाच्या मापासाठीही वापरतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. कारखाना किंवा त्याच्या वतीने तोडणी-वाहतुकीचे काम पाहणारी संस्था वाहतूकदाराशी अथवा मुकादमाशी करार करते आणि मुकादम गावोगावच्या कोयत्यांना पावसाळ्यातच आगाऊ रक्कम देतो. हीच ‘उचल’. घरातील लग्न, आजारपण, पेरणीचा खर्च किंवा आधीचे देणे या रकमेतून भागते. ती फेडायची असते अंगमेहनतीने. तोडलेल्या व भरलेल्या उसाच्या टनामागे ठरलेल्या दराने.

वरचा करार बहुधा कागदावर असतो. खालचा, म्हणजे मुकादम व मजूर यांच्यातील, बऱ्याचदा तोंडी असतो किंवा कागदावर अंगठा असला तरी त्याची प्रत मजुराजवळ नसते. कोणत्या कारखान्यावर जायचे, कोणत्या तळावर कोपी बांधायची, वाहन मध्यरात्री आले तरी मोळ्या केव्हा भरायच्या, हे ठरविणे मजुराच्या हाती राहत नाही. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ धरून रक्कम कापली जाते. स्त्रीचे श्रम पुरुषाइतकेच, किंबहुना स्वयंपाक-पाणी धरता अधिक. परंतु उचल व हिशेब पतीच्या नावावर असल्याने तिच्या मजुरीची स्वतंत्र नोंद कोठेच होत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली आणि पावसाने किंवा आजारपणाने काम बुडून हंगामाअखेर हिशेब ऐंशी हजारांचा झाला. उरलेले वीस हजार ‘अंगावर राहिले’ असे म्हणतात. पुढील वर्षी त्याच मुकादमाकडे, त्याच्या अटींवर येणे भाग पडते. अशा रीतीने एका हंगामाचे बंधन पुढच्या हंगामात शिरते आणि त्याला शेवट राहत नाही.

अन्यत्रची रीत

कामाच्या व वास्तव्याच्या अटीवर कुटुंबास एखाद्या प्रदेशात आणण्याची पद्धत जगात इतरत्रही आहे. ऑस्ट्रेलियाने २०१९ पासून कमी वस्तीच्या प्रदेशांसाठी असा परवाना सुरू केला. राज्य शासनाने शिफारस केलेल्या किंवा तेथे स्थायिक झालेल्या नातलगाने पुरस्कृत केलेल्या कुशल व्यक्तीस व तिच्या कुटुंबीयांस पाच वर्षांचा परवाना मिळतो. त्यांनी नेमून दिलेल्या प्रदेशातच राहावे व काम करावे, अशी अट असते. तीन वर्षांनंतर, इतर अटी पूर्ण झाल्यास, कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

परदेशातील कुशल नोकरदार आणि पाथर्डीचा ऊसतोडणी मजूर यांची बरोबरी येथे करावयाची नाही. तथापि या तुलनेतून एक कसोटी हाती येते. वास्तव्याची अट लेखी असावी, तिला मुदत असावी आणि ती पाळणाऱ्यास तिच्या मोबदल्यात काही हक्क मिळावा. ज्या बंधनात या तिन्ही गोष्टी असतात त्याला करार म्हणता येईल. ज्यात त्या नसतात ते बंधन वेठीकडे झुकते.

कायद्याची भूमिका

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली आहे आणि अनुच्छेद १९ ने नागरिकास देशात कोठेही संचार करण्याचे व राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. या तत्त्वांना अनुसरून १९७६ मध्ये वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम संमत झाला. उचल देणे हा स्वतः गुन्हा नव्हे. परंतु आगाऊ रकमेच्या बदल्यात मजुराने दुसरीकडे काम करण्याचे, मोकळेपणी जाण्या-येण्याचे किंवा आपल्या श्रमाचा बाजारभावाने मोबदला घेण्याचे स्वातंत्र्य गमावले, तर ती वेठबिगारी ठरते. असे कर्ज कायद्याने संपुष्टात येते. ते वेठीचे कर्ज नाही असे म्हणणाऱ्यावरच ते सिद्ध करण्याचा भार असतो. सक्तीने काम करून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दंडाची तरतूद आहे. १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सक्ती ही केवळ दांडगाईची नसते, आर्थिक लाचारीतून पत्करलेले कामही सक्तीचेच असू शकते, असा अर्थ लावला.

या कायद्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे असून जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. एखाद्या कुटुंबास तळावर अडवून ठेवल्याची माहिती शिक्षकास, ग्रामसेवकास वा पंचायत सदस्यास मिळाली, तर ती तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे लेखी कळविणे हा योग्य मार्ग होय.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये वेगळा कायदा झाला होता. त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. प्रवासखर्चासारख्या तिच्यातील विशेष तरतुदी राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी आहेत. जामखेडहून कर्नाटकात जाणारा मजूर त्या व्याख्येच्या जवळ येतो. पाथर्डीहून राहात्यास जाणारा येत नाही. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची भिस्त म्हणून १९७६ च्या अधिनियमावर, राज्याच्या योजनांवर आणि स्थानिक संस्थांच्या जागरूकतेवर राहते.

राज्याच्या योजना

ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन करण्यात आले. गाळपाच्या उसावर कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तितकाच शासनाचा वाटा, अशी त्याच्या निधीची रचना ठरविण्यात आली. ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंद घेऊन ओळखपत्र देण्याचेही ठरले. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेखाली २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत मुलांसाठी व मुलींसाठी मिळून ८२ वसतिगृहांस मान्यता मिळाली. पहिल्या टप्प्यातील तालुक्यांत पाथर्डी व जामखेड होते. दराच्या प्रश्नावर जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली.

या साऱ्यांचा लाभ एका गोष्टीवर अवलंबून आहे : कुटुंबाची नोंद. नोंद नसेल तर ओळखपत्र नाही आणि ओळखपत्र नसेल तर अपघातानंतर हा माणूस ऊसतोडणी करीत होता हेच सिद्ध करावे लागते.

‘राहणारा’ कोणास म्हणावे

गावी नाव, पण माणूस नाही. तळावर माणूस, पण नाव नाही. ऊसतोडणी कुटुंबाची खरी अडचण या दुहेरी स्थितीत आहे. कायदा मात्र त्यांना दोन्हीकडून वगळत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० प्रमाणे तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे कोणी आपल्या गावचा सामान्य रहिवासी म्हणून संपत नाही. हंगामापुरते बाहेर गेल्याचे कारण देऊन मतदार यादीतून नाव काढता येत नाही. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे गावच्या शिधापत्रिकेवर कारखान्याजवळच्या रास्त भाव दुकानातूनही धान्य घेता येते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ तर स्पष्टच सांगतो की स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळेल याची खातरजमा करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही.

दोन ग्रामपंचायतींची कामे

या जिल्ह्यात कुटुंब पाठविणारी गावे व त्यांना सामावून घेणारी गावे बऱ्याच प्रमाणात एकाच जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे पुढील कामांसाठी नवा कायदा लागत नाही; एका गावाने दुसऱ्या गावास वेळेवर कळविले तरी पुष्कळ साधते.

१. निघण्यापूर्वी, मूळ गावात : ग्रामसेवकाने जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद घ्यावी, मुकादमाचे नाव, कारखाना, उचलीची रक्कम व मुलांची वये त्यात असावीत. उचलीच्या कागदाची प्रत मजुराजवळ राहील आणि त्यावर पत्नीचेही नाव असेल, असा आग्रह धरावा.

२. शाळेत : आजी-आजोबांजवळ राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने गाड्या निघण्याआधी पाठवावा. सोबत जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक द्यावे.

३. तळावर, कारखान्याच्या गावात : कोप्या उभ्या राहताच ग्रामपंचायतीने पिण्याचे पाणी, दिवा व शौचालयाची सोय पाहावी. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्तीने गरोदर स्त्रिया आणि लहान बालके यांची यादी करावी. मुख्याध्यापकांनी तळावर स्वतः जाऊन मुले पटावर घ्यावीत.

४. परतल्यावर : हिशेबाची चिठ्ठी पाहून ‘अंगावर राहिलेली’ रक्कम कशी आली याची चौकशी करावी. मुलांना त्यांच्या वयाच्या वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढावा.

मुळाशी असलेला प्रश्न

गावात पाणी व काम असते, तर उचल घेण्याची पाळी फारच थोड्यांवर आली असती. नगर तालुक्यातील हिवरे बाजार गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९८९ नंतर पाणलोट विकास, चराईबंदी व पाण्याच्या ताळेबंदाचा मार्ग धरला. कामासाठी बाहेर गेलेली अनेक कुटुंबे तेथे परत आली. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या व १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळालेल्या रोजगार हमीमागेही हेच सूत्र होते की माणसाला काम त्याच्या गावाजवळ मिळावे. प्रत्येक गाव हिवरे बाजार होईल असे नाही आणि उसाला तोडणारे हातही लागणारच. परंतु ज्या कुटुंबाला गावी राहण्याचा पर्याय आहे, तेच कुटुंब मुकादमासमोर बसून अटी बोलू शकते.

साखरेच्या प्रत्येक पोत्यात या कुटुंबांचे श्रम आहेत. त्यांनी सहा महिने काम करावे व नेमून दिलेल्या तळावर राहावे, ही अपेक्षा समाज त्यांच्याकडून करतो आणि ती कुटुंबे ती पुरी करतात. त्या बदल्यात कागद, हिशेब, पाणी, धान्य व शाळा एवढे तरी त्यांच्या पदरी पडले पाहिजे. हंगामाची पहिली गाडी वेशीबाहेर पडण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या वहीत त्या कुटुंबांची नावे लिहिली जावीत; पुढचे सारे काम त्या नोंदीतून सुरू होते.