युद्धकालीन जीपची ओळख : पाटी आणि क्रमांक

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या जीपगाड्या भारतात अनेक खाजगी मालकांकडे आल्या. एखाद्या जुन्या वाड्याच्या आवारात अशी गाडी आजही आढळते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. त्यामुळे गाडी नेमकी कोणती, हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, पुढेमागे लावलेली नंबरपाटी ही नोंदणीची खूण होय. ती गाडीची जन्मखूण नव्हे. जन्मखूण शोधावयाची ती चासीवर.

१९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांवर जीप तयार केल्या. विलिसची ‘एमबी’ आणि फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’ या गाड्या दिसण्यात जुळ्या बहिणींसारख्या आहेत; परंतु त्यांच्या क्रमांकांची रीत वेगळी. फोर्डने क्रमांक डाव्या बाजूच्या चासीच्या लोखंडावर वरून ठोकला आणि कारखान्यातून निघताना इंजिनावरही तोच क्रमांक होता. विलिसने मात्र तो एका लहान पाटीवर उमटवून ती पाटी पुढच्या बंपरमागे, डाव्या चासीच्या आतील अंगाला रिव्हेटने बसविली. साहजिकच ती पाटी गंजून गळाली की क्रमांकही गेला. शिवाय विलिसचा इंजिन क्रमांक चासीच्या क्रमांकाशी मुळातच जुळत नसे. तेव्हा ‘क्रमांक जुळत नाहीत, म्हणजे गाडीत काळेबेरे आहे’ असा निष्कर्ष येथे घाईचा ठरेल.

पाटी नसेल तर रेडिएटरखालचा आडवा दांडा पाहावा. तो गोल नळीचा असल्यास चासी विलिसची, उपड्या पन्हळीसारखा असल्यास फोर्डची. फोर्डने बोल्टच्या माथ्यावरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उमटविले होते. अर्थात लष्करी कार्यशाळांत एका गाडीचे भाग दुसरीस सर्रास बसविले जात. एकट्या बोल्टवरून गाडी ठरवू नये.

डॅशबोर्डवरील खणाच्या दारावरच्या पाट्यांत क्रमांक आणि गाडी लष्करास दिल्याची तारीख असे. हा पुरावा मोलाचा खरा, पण अशा पाट्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बाजारात मिळतात. रिव्हेट नवे आणि पाटीखालचा रंग ताजा दिसल्यास सावध व्हावे. सतरा अक्षरांकांचा क्रमांक तर १९८० च्या सुमारास रूढ झाला. युद्धकालीन चासीवर तो दिसला तर तो मागाहून घातलेला समजावा.

चासी पाहताना ग्राइंडर किंवा छिन्नी लावू नये. रॉकेलचे फडके आणि मऊ ब्रश पुरेसा होतो. ठोकलेल्या क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवावी. उमटलेला छाप, रंगकामापूर्वीच्या छायाचित्रासह, अर्जाच्या कागदपत्रांत ठेवावा. विलिसची पाटी हरवली असल्यास नवी करून लावण्याच्या भानगडीत न पडता तसे नोंदणी अधिकाऱ्यास लेखी कळवावे.