एका शब्दाची खिडकी

पत्राच्या आरंभीं आपण 'सा. न. वि. वि.' असें लिहितों. लिहिणाऱ्यानें चारच अक्षरें लिहिलीं तरी वाचणारा त्यांचा 'साष्टांग नमस्कार विनंति विशेष' असा विस्तार करून घेतो. संगणकाच्या प्रोग्रॅममध्यें अशींच संक्षिप्त पदें असतात. त्यांस मॅक्रो म्हणतात. मनुष्यानें लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविणारा जो कंपायलर, त्याचें मुख्य काम सुरू होण्यापूर्वी मॅक्रोच्या जागीं पूर्ण मजकूर घातला जातो. अशा एका शब्दानें एका प्रोग्रॅमची खिडकी दुसऱ्यास कशी उघडून दिली, तें येथें सांगावयाचें आहे.

मुळांत खिडकी हवी कशाला? संगणकावर एका वेळीं अनेक प्रोग्रॅम चालू असतात. प्रत्येकास स्मृतीचा स्वतंत्र भाग नेमून दिलेला असतो, आणि एकानें दुसऱ्याच्या भागांत डोकावूं नये असा कडक बंदोबस्त असतो. तो नसता तर एकाच्या चुकीनें शेजारचाही कोसळला असता. परंतु गाणीं वाजविणाऱ्या प्रोग्रॅमला 'पुढचें गाणें लाव' असें दुसऱ्यानें सांगावयाचें झाल्यास काय करावें? आपले वडील फी भरावयास येतात तेव्हां कचेरींत शिरून कपाट उघडीत नाहींत. खिडकीशीं उभे राहून कारकुनास सांगतात. प्रोग्रॅमांसही तीच रीत लागते.

मात्थियास एट्रिख यांनीं १९९६ सालीं जर्मनींत केडीई नांवाचा प्रकल्प आरंभिला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीसाठीं प्रथम कॉर्बा नामक पद्धति योजिली होती. ती अवजड ठरल्यामुळें सोडून देण्यांत आली व डीकॉप ही सुटसुटीत व्यवस्था तयार झाली. ती आवृत्ति ऑक्टोबर २००० मध्यें प्रसिद्ध झाली. डीकॉपमध्यें एक मध्यस्थ टपालकचेरीप्रमाणें बसे, आणि एका प्रोग्रॅमची मागणी दुसऱ्याकडे पोंचवी.

त्यांतील मुख्य मॅक्रो दोन. दोहोंचें नांव एकच, के-डीकॉप. पण एक इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावयाचा, दुसरा लहान अक्षरांत. मोठ्याचा विस्तार होऊन तीन फंक्शनांची नोंद होई: आलेली मागणी स्वीकारणारें एक, आपल्याकडे कोणतीं फंक्शनें आहेत याची यादी देणारें दुसरें, आणि खिडक्यांचीं नांवें सांगणारें तिसरें. लहानाची गंमत निराळी आहे. त्याच्या खालीं लिहिलेलीं फंक्शनें बाहेरच्यांस मोकळीं होत. पण कंपायलरपुरता त्याचा विस्तार केवळ 'पब्लिक' एवढाच! मग खिडकी उघडे कशी? कंपायलरच्या आधीं डीकॉप-आयडीएल नांवाचें एक साधन तोच मजकूर वाचीत असे, आणि त्यास मात्र त्या शब्दाचा मतलब ठाऊक असे. त्याखालील फंक्शनें तें टिपून घेई. त्या टिपणावरून दुसरें साधन दोन मजकूर आपोआप रची, एक मागणाऱ्यासाठीं व एक देणाऱ्यासाठीं. हें कंटाळवाणें लिखाण हातानें करावें लागतें तर ठिकठिकाणीं चुका झाल्या असत्या.

जेथें उत्तरासाठीं थांबावयाचें नसे, तेथें फंक्शनच्या आरंभीं 'असिंक' असें लिहीत. ही सोय क्षुल्लक नव्हे. दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत बसले तर दोघेही तसेच बसून राहतील.

आतां यांतील खरी जोखीम पाहूं. मागणीमध्यें फंक्शनचें नांव अक्षरशः लिहून पाठविलें जाई. त्यामुळें कर्त्यानें आपल्या फंक्शनचें नांव सहज बदललें, तरी त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम विनातक्रार तयार होई. मागणारा कंपायलरच्या दृष्टीपुढें नसल्यामुळें चूक दिसत नसे. मोडे तें दूरच्या कोणाचें तरी काम. अमारॉक या गाण्यांच्या प्रोग्रॅमला 'डीकॉप अमारॉक प्लेयर नेक्स्ट' एवढी आज्ञा दिली कीं पुढचें गाणें लागे, आणि अशा आज्ञांवर लोकांनीं आपापलीं लहानसहान साधनें रचिलीं होतीं. तीं कोणीं रचिलीं हें कर्त्यास कसें कळणार? माझ्या मतें त्या मॅक्रोखालीं फंक्शन लिहिणें म्हणजे अनोळखी माणसांस वचन देणें होय, आणि तें मोजकेंच द्यावें.

११ जानेवारी २००८ रोजीं केडीईची चौथी आवृत्ति निघाली व डीकॉपची जागा डी-बसनें घेतली. अमारॉकची दुसरी आवृत्तिही त्याच वर्षाच्या डिसेंबरांत डी-बसवर आली, आणि तिजपुढें ती जुनी आज्ञा निरुपयोगी झाली. नव्या पद्धतींतही मॅक्रो आहेतच. एक खिडकीवरची पाटी, म्हणजे तिचें नांव, लिहितो. क्यू-स्क्रिप्टेबल नांवाचा दुसरा निवडक फंक्शनांवर खूण करितो. मध्यस्थाकडे नोंद करतांना मात्र कर्त्यास ठरवावें लागतें, कीं खूण केलेलींच फंक्शनें उघडावयाचीं, कीं त्या जातीचीं सर्वच? सर्वच उघडण्यांत श्रम थोडे. पण उद्यां त्यानें एखादें नवें फंक्शन केवळ स्वतःच्या सोयीकरितां त्यांत लिहिलें, तर तेंही त्याच्या नकळत खिडकींत जाऊन बसतें.