परक्यांचे सुतक

सुतकाचे दिवस आपल्या शास्त्रकारांनी नात्याच्या अंतराने मोजले आहेत. जवळच्या भाऊबंदांचे दहा दिवस, विवाहित कन्येस आईबापांचे तीन. ज्याचे नावगाव ठाऊक नाही, त्याचे मुळीच नाही. मग अनोळखी माणसांच्या मरणाने गावेच्या गावे हळहळतात, ती कोणत्या नात्याने?

हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात उभा राहिला. 22 जानेवारी 2025 रोजी दिवस कलता असता लखनौहून मुंबईस जाणारी पुष्पक एक्स्प्रेस पाचोरे तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ थांबली. डब्यास आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली आणि भेदरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले. त्याच रुळांवरून दिल्लीस निघालेली कर्नाटक एक्स्प्रेस भरधाव आली. किमान 12 जीव गेले. त्यांत कित्येक नेपाळचे रहिवासी होते. आग मात्र लागलेलीच नव्हती! ज्या गावाचे नावही त्यांनी बहुधा ऐकले नसेल, त्याच्या शिवारात त्यांना मरण आले.

आपल्या खेड्यांतून प्रेत उठेपर्यंत शेजारी चूल पेटवीत नाहीत, आणि दुःखाच्या घरी भाकरी शेजारूनच येते. त्या घराशी आपले रक्ताचे नाते आहे की नाही, हे तेव्हा कोणी विचारीत नाही. मरण शेजारी आले एवढे पुरते. ज्याच्या शिवारात मरण आले, तो त्या गावाचा पाहुणाच होय, असे मला वाटते.

महाभारताच्या स्त्रीपर्वात हाच विचार आढळतो. युद्ध संपल्यावर, नाना देशांहून आलेल्या आणि मागे कोणी नसलेल्या योद्ध्यांचेही दहन युधिष्ठिराच्या आज्ञेवरून विदुराने करविले. आजही तर्पण करणारा आपल्या पितरांबरोबर, ज्यांस पाणी देणारा कोणी उरला नाही अशांसाठीही उदक सोडतो. म्हणजे परक्यांचे सुतक शास्त्राने सांगितले नसले, तरी त्यांच्यासाठी ओंजळभर पाणी राखून ठेवले आहे.

सभेत उभे राहून दोन मिनिटे स्तब्ध राहण्याची रीत त्या मानाने अगदी नवी. पहिले महायुद्ध थांबल्यास एक वर्ष झाले, तेव्हा 11 नोव्हेंबर 1919 रोजी ती ब्रिटिश साम्राज्यात पाळली गेली. आपल्याकडे 30 जानेवारीस सकाळी 11 वाजता हुतात्म्यांसाठी पाळतात. हिला मी नावे ठेवीत नाही. पण उभे राहण्यास खर्च काही लागत नाही, आणि पुष्कळदा आपले लक्ष घड्याळाकडेच असते, हे आपण सर्वांनी, पालकांनीही, मनाशी कबूल करावे. मृताची ओळख पटविणे, दूरच्या घरी निरोप धाडणे, देह त्याच्या माणसांच्या हाती देणे, जखमी परक्यास पाणी पाजणे, ही कामे आप्तांची. आप्त शेकडो कोसांवर असता ती जवळच्यांवरच येतात. अशा वेळी दूरध्वनीचे यंत्र उंच धरून चित्रे टिपणारेही तेथेच जमतात, आणि कोणाच्या तरी आईस आपल्या पुत्राचा देह प्रथम त्या चित्रात दिसतो.

पाचोऱ्याकडे जाताना परधाडे खिडकीतून क्षणभर दिसते आणि मागे पडते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तेथे थांबत नाहीत.