नोंदीपलीकडील जागा

आज्ञावलीने स्मृतीतील जागा मागावी, वाटप करणाऱ्याने मागणीहून किंचित अधिकच द्यावी, आणि ती अधिकाई मात्र आपल्याच दप्तरात ठेवावी, ही सी भाषेतील जुनी वहिवाट आहे. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर ग्लिबसीकडे 25 बाइट मागितले, तर 8 बाइटांची शीर्षनोंद आणि 16च्या पटीचा दंडक यांमुळे वापरण्याजोगे 40 मिळतात; पण ‘मॅलॉक’ परत करतो तो केवळ पत्ता.

नगर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील आज्ञावली माझ्याकडे तपासणीस आली, तेव्हा ऐन गाळप हंगामात वजनपावती छापता छापता ती बंद पडत होती आणि उसाच्या गाड्या फाटकापाशी खोळंबल्या होत्या. मूळ लेखकाने जागा घेतल्यानंतर ‘मॅलॉक_यूझेबल_साइझ’कडे चौकशी करून उरलेल्या बाइटांतही मजकूर भरला होता. हेतू गैर नव्हता, कारण वाढत्या मजकुरासाठी वारंवार नवी जागा घेऊन जुना मजकूर हलविण्याचा खर्च त्यामुळे वाचत असे. परंतु तीच आज्ञावली उबुंटू 24.04 वर नव्याने संकलित होताच, तेथील ‘फोर्टिफाय_सोर्स’च्या तिसऱ्या पातळीने मागणीचा आकडाच प्रमाण धरला आणि त्यापलीकडील लेखन अतिक्रमण ठरवून कामच थांबविले. सातबाऱ्यावर नसलेली, बांधापलीकडची पट्टी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या इसमाची सरकारी मोजणीत जी गत होते, तीच येथे झाली.

म्हणून वाटपाची व्यवस्था रचणाऱ्या तरुणांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की प्रत्यक्ष आकार मागाहून विचारण्याची खिडकी ठेवू नका. तो जागा देतानाच सांगा. सी++23 मधील ‘अ‍ॅलोकेट_अ‍ॅट_लीस्ट’ पत्ता आणि मंजूर संख्या एकत्रच हवाली करते. लिनक्सच्या 6.1 आवृत्तीत, 2022 साली, ‘केमॅलॉक_साइझ_राउंडअप’ आले. त्यात किती मिळेल ते आधी विचारून तेवढीच मागणी करावयाची असते. मागणी व मंजुरी यांत अंतरच न उरल्याने मला हा दुसरा मार्ग अधिक निर्धोक वाटतो.

जागा परत करतानाचा आकडाही आधीच ठरवून ठेवा: सी23 च्या ‘फ्री_साइझ्ड’ला मूळ मागणीचाच आकडा लागतो, तर ‘अ‍ॅलोकेट_अ‍ॅट_लीस्ट’ने घेतलेली जागा मागणीपासून मंजुरीपर्यंतच्या कोणत्याही आकड्याने परत करता येते.