विमानाच्या पंखातली फासळी

आपल्या छातीत फासळ्या असतात तशा लाकडी विमानाच्या पंखातही असतात. मला हे आधी माहीत नव्हते. मला वाटायचे, पंख म्हणजे एक मोठी फळी असेल. गुरुजींनी चित्र दाखवले तेव्हा कळले की पंख आतून पोकळ असतो. आमचे आबा सुतार आहेत, म्हणून मी ते चित्र वहीत उतरवून घरी नेले.

आता प्रवाशांची मोठी विमाने लाकडाची नसतात. पण अमेरिकेतील राईट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान उडवले ते लाकडाचे आणि कापडाचे होते. ते दोघे भाऊ सायकलीचे दुकान चालवत. पुढे त्याच देशात चेरी ग्रोव्ह नावाच्या छोट्या गावात बर्नार्ड पिटनपोल नावाचे गृहस्थ होते. ते यंत्राची कामे स्वतःच शिकले होते. त्यांनी १९२९ साली दोन माणसे बसतील असे लाकडी विमान बांधले आणि त्याला फोर्ड मोटारीचे इंजिन बसवले. त्याचे नकाशे १९३२ साली छापून आले. ते पाहून लोक आजही घरी विमान बांधतात. घरी म्हणजे खरेच घरी!

आता फासळीचे काम काय ते सांगतो. पंखात दोन लांब तुळया असतात. माळेत मणी ओवावेत तशा या तुळयांवर फासळ्या ओवतात. मग वरून कापड ताणून बसवतात आणि ते फासळ्यांना दोऱ्याने शिवतात. फासळी पुढे गोल, वर फुगीर आणि मागे निमुळती असते, म्हणजे माशासारखी. तिच्यामुळेच पंखाला आकार येतो. असा पंख जोरात पुढे गेला की तो हवेला खाली ढकलतो, आणि हवा पंखाला वर ढकलते. एका पंखाच्या फासळ्या एक आकाराच्या आणि दुसऱ्याच्या वेगळ्या झाल्या तर विमान एका बाजूला कलेल. म्हणून सगळ्या फासळ्या एकाच साच्यात करतात.

साचा करणे सोपे आहे. एका सपाट फळीवर फासळीचे पूर्ण मापाचे चित्र काढायचे. रेघेच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे छोटे ठोकळे ठोकायचे. त्यांच्यामध्ये पट्ट्या बसवायच्या. पिटनपोल यांच्या विमानाला पाव इंच जाड आणि अर्धा इंच रुंद पट्ट्या लागतात. लाकूड स्प्रूस नावाच्या झाडाचे असते. ते थंड मुलखात होते, हलके असते आणि त्याच्या रेषा सरळ असतात. पंधरा इंचांत रेष एक इंचापेक्षा जास्त तिरकी गेली तर ती पट्टी घेत नाहीत. गाठ असेल तरी नाही. पुढचा भाग वाकवायला पट्टी पाण्यात भिजवतात किंवा वाफ देतात.

आपल्याकडे स्प्रूस कुठला? आबांनी फळांच्या खोक्याची फळी चिरून पट्ट्या दिल्या. खरी फासळी पाच फूट लांब असते, म्हणजे माझ्यापेक्षा उंच. मी दोन फुटांची केली.

वरची पट्टी, खालची पट्टी आणि मधल्या तिरक्या काड्या जिथे भेटतात तिथे नुसता डिंक पुरत नाही. तिथे पातळ प्लायवुडचा तुकडा दोन्ही बाजूंनी चिकटवतात आणि बारीक चुका मारतात. चुका फक्त डिंक वाळेपर्यंत दाबून धरायला असतात. खरा जोर डिंकाचाच. साच्याखाली मेणकागद घालायला विसरू नका, नाहीतर फासळी साच्यालाच चिकटते. (माझी चिकटली होती.)

एक गंमत सांगतो. जुन्या काळी विमानाचा डिंक दुधापासून करत! दूध नासवून उरलेला चोथा वाळवायचा, दळायचा आणि त्यात चुना मिसळायचा. आम्ही रोज डेअरीत दूध घालतो, पण विमान चिकटते हे घरात कोणालाच पटेना. तो डिंक ओलाव्याने खराब होई, त्याला बुरशी लागे. म्हणून आता पाण्याने न बिघडणारे दुसरे डिंक वापरतात.

माझी पहिली फासळी मोडली. ते असे झाले. मला ती पालकसभेला आणायची घाई होती, म्हणून मी डिंक वाळायच्या आत ती साच्यातून काढली. दिसायला अगदी छान होती. आईला दाखवली, ती पण छान म्हणाली. आबांनी दोन्ही टोके धरून हळूच वाकवली तर कट्कन जोड सुटला. मला रडू आले. मी म्हणालो, "तुम्हीच मोडली." आबा म्हणाले, "आरं लेका, लाकूड मोडलं का जोड सुटला, ते आधी बघ."

मी बघितले. लाकूड धड होते, जोडच सुटला होता.

विमान बांधणारेही असेच करतात, हे गुरुजींनी नंतर सांगितले. ज्या डिंकाने फासळी चिकटवायची, त्याच डिंकाने दोन फालतू तुकडे चिकटवून ठेवायचे. वाळले की मोडून बघायचे. लाकूड फाटले तर डिंक चांगला. जोडावरच सुटले तर ते काम टाकून द्यायचे. कारण कापड चढवल्यावर आतला जोड बाहेरून दिसत नाही, आणि त्या विमानात माणूस बसणार असतो.

दुसऱ्या वेळी मी दोन रात्री थांबलो. तुकडे मोडले तेव्हा लाकूड फाटले. आबा काही बोलले नाहीत, नुसते हसले आणि रंधा मारायला लागले.

ती फासळी खाली टेबलावर ठेवली आहे. सर्वांनी पाहावी, हातात घेतली तरी चालेल. फक्त मागच्या टोकाकडचा तिसरा जोड दाबू नये. तिथे डिंक जरा कमी पडला होता.

— इयत्ता चौथी