अपग्रेडच्या आधीचा तास

‘आमच्या मुलीला कॉम्प्युटर आवडतो, पण कोडिंगमध्ये ती रमत नाही. मग पुढे काय?’ बारावीच्या निकालानंतर हा प्रश्न हमखास येतो. अशा वेळी मी पालकांना एकच विचारतो : कुलूप लावल्यावर ती ते ओढून बघते का? बघत असेल, तर सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा विचार जरूर करा.

बँक, रुग्णालय, कॉलेज, सगळ्यांचा कारभार आज सर्व्हरवर चालतो. ते सर्व्हर चालू ठेवणं आणि वेळ झाली की नव्या व्हर्जनवर नेणं, हे अ‍ॅडमिनचं काम. ते टाळून चालत नाही. कित्येक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. त्यानंतर तिला नेहमीचे सुरक्षा-अपडेट मिळत नाहीत.

कामाचा खरा कस

अपग्रेड बहुधा सुट्टीच्या आदल्या रात्री, वर्दळ थांबल्यावर होतं. कसलेला अ‍ॅडमिन सुरुवातीला कशालाच हात लावत नाही. नुसतं बघतो आणि वहीत लिहितो. सिस्टीमचं व्हर्जन कोणतं? डेटाबेसचं कोणतं? त्यावरचं सॉफ्टवेअर नव्या व्हर्जनवर चालेल का? डिस्कवर जागा किती उरली आहे? उदाहरणार्थ, उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या २०.०४ व्हर्जनवरून थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही, मध्ये २२.०४ चा मुक्काम करावाच लागतो. हे आधी न बघणारा मध्यरात्री अडकतो. मग बॅकअप. तो दुसऱ्या मशीनवर ठेवायचा आणि तिथे उघडून डेटा खरोखर परत येतो का, हे पाहायचं. हा शेवटचा टप्पाच सर्रास गाळला जातो.

गिटलॅब या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ ला त्याची किंमत मोजली. एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसण्याची आज्ञा दिली. लक्षात येऊन ती थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. रोजचा बॅकअप शोधला, तर जागा रिकामी. डेटाबेस होता ९.६ व्हर्जनचा आणि बॅकअप घेणारं साधन चालत होतं ९.२ चं, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तसं कळवणारे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांतला डेटा मात्र कायमचा गेला.

मार्ग कोणते?

दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा ‘कोपा’ ट्रेड किंवा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा; बारावीनंतर बीसीए किंवा बीएस्सी आयटी. इंजिनिअरिंगनंतर सी-डॅकचा सहा महिन्यांचा ‘डिटिस’ हा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. रेड हॅट या कंपनीची आरएचसीएसए ही प्रमाणपत्र परीक्षा पाठांतरावर सुटत नाही, तिथे मशीनवर काम करून दाखवावं लागतं.

महागडा क्लास लावण्याआधी घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात जुनी उबुंटू बसवा, बॅकअप घ्या, अपग्रेड करा, मुद्दाम बिघडवा आणि पुन्हा उभी करा. प्रत्येक पायरी वहीत लिहा. मुलाखतीत ही वही प्रमाणपत्राइतकीच उपयोगी पडते.

पालकांना स्पष्ट सांगतो : सुरुवात बहुधा हेल्पडेस्कवरून होते, रात्रीचं काम चुकत नाही आणि सगळं सुरळीत असलं की कुणी कौतुकही करत नाही. क्लाउड आल्यावर हे काम संपेल, अशी भीती मात्र नको. तिथेही कोणतं व्हर्जन वापरायचं, बॅकअप किती दिवसांचा ठेवायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं.

फॉर्म भरण्याआधी एक करा. घरातल्या फोनमधल्या फोटोंचा बॅकअप घेण्याचं काम मुलीकडे सोपवा. आठवड्याने म्हणा, ‘त्यातला एक फोटो उघडून दाखव.’ तिने तो आधीच उघडून पाहिला असेल, तर खुशाल फॉर्म भरा.