वाळूतही पाणी का साचतं?

प्रश्न : आम्ही राहतो कॅम्पात, पण खानापूरकडे ओढ्याच्या कडेला आमची थोडी वडिलार्जित जमीन आहे. वरच्या अंगाला जंगल, आमच्या तुकड्यातही ऐन आणि जांभळीची जुनी झाडं. माती हातात घेतली की बोटांतून गळून जाते, इतकी रेताड. रेताड जमिनीत काजू चांगला येतो म्हणून दोन वर्षांपूर्वी कलमं लावली. पहिला पावसाळा तगली. दुसऱ्यात श्रावणापर्यंत निम्म्याहून जास्त पिवळी पडून मेली. उपटून पाहिलं तर मुळं काळी आणि कुजलेली, फूटभर खाली पाणी, आणि राखाडी मातीवर गंजासारखे ठिपके. उन्हाळ्यात मात्र हीच जमीन भाजलेल्या रव्यासारखी कोरडी असते. वाळूत पाणी साचतंच कसं?
– एक वाचक, कॅम्प, बेळगाव

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘गंजासारखे ठिपके’ वाचले आणि अर्धं उत्तर तिथेच मिळालं. पण आधी वाळूचं बघू.

वाळू पाणी झटकन सोडते हे खरं. चिकणमातीत तासाला जेमतेम 1 ते 5 मिलिमीटर पाणी मुरतं, वाळूत 30 मिलिमीटरच्या वर. पण मुरलेलं पाणी पुढे जातं कुठे? चाळणी परातीत ठेवा आणि वरून पाणी ओतत राहा. चाळणीची भोकं कितीही मोठी असोत, परात भरली की चाळणीतही पाणी चढणारच. तुमची जमीन अशी परातीत ठेवलेली चाळणी आहे. निचरा हा नुसत्या मातीच्या कणांचा गुण नाही, तो त्या जागेचा गुण आहे. खाली काय आहे, वरून काय येतं आणि बाजूला वाट किती आहे, यावर तो ठरतो.

तुमच्या भागात ही परात कशी तयार झाली असेल, ते मला फार मनोरंजक वाटतं. आपल्याकडचा काळा बेसाल्ट झिजला की वाळू होत नाही, चिकणमाती होते, कारण त्यात वाळूचा मूळ घटक असलेलं क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच. पण बेसाल्टची ही दख्खनी चादर बेळगावच्या दक्षिणेला संपत जाते आणि तिच्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडू लागतात. त्यांत क्वार्ट्झ भरपूर. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून 52 मीटर खाली उडी घेते, तो कडाही अशाच जुन्या वालुकाश्माचा. असे खडक झिजले की रेती मागे उरते, आणि ओढे ती वाहून सखल जागी पसरवतात. तुमचा तुकडा ओढ्याच्या काठी आहे, म्हणून वरची रेती त्यानेच आणली असावी.

आणि खाली? खानापूर कौलं, विटा आणि कुंभारकामासाठी नावाजलेलं आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथेच आहे. कुंभाराला लागते ती चिकणमाती, म्हणजे पाणी अडवणारी माती. जांभ्याच्या खालीही बऱ्याच ठिकाणी पांढरट-जांभळट चिकण थर लागतो. वर रेती, खाली चिकण, डोक्यावर तरण्या-म्हाताऱ्याचा पाऊस आणि शेजारी तुडुंब ओढा. पाणी साचलं नसतं तरच नवल.

अशा जमिनीला मृदाशास्त्रात स्वतंत्र जागा आहे. अमेरिकी मृदा सर्वेक्षणात निचऱ्याच्या सात पायऱ्या मानतात. पहिलीवर पाणी ठरतच नाही, सातवीवर ते हटतच नाही. तुमची जमीन बहुधा पाचवीवर आहे. ती दलदल नाही, वर्षभर ओलीही नसते, पण झाड वाढायच्या ऐन हंगामात तिच्यात फूट-दीड फुटावर बराच काळ पाणी उभं राहतं. आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी ‘उपळट’ हा नेमका शब्द आहे. आणि तिला काय मिळत नाही, हे सांगणारा शब्द त्याहून सुंदर आहे : वाफसा. ओल आणि हवा दोन्ही मुळांना एकाच वेळी मिळण्याची ती अवस्था. तुमच्या जमिनीत आषाढापासून पुढे ओल असते, हवा नसते. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पायाखालच्या मातीवरून जे ओळखत आले, तेच या एका शब्दात आहे.

आता ठिपक्यांकडे येतो. मातीचा तांबडा-पिवळा रंग लोखंडाच्या गंजाचा. माती पाण्याने भरली की तिच्यातले जिवाणू उरलासुरला प्राणवायू काही दिवसांत संपवतात. मग श्वासासाठी ते नायट्रेट वापरतात, नंतर मँगनीज, आणि त्याच्यानंतर लोखंड. असं वापरलेलं लोखंड पाण्यात विरघळतं आणि वाहून जातं. कणांवरचा रंग निघतो, मागे राखाडी रेती उरते. पाणी उतरू लागलं की हवा आधी शिरते ती जुन्या मुळांच्या पोकळ्यांतून आणि भेगांतून. तिथे विरघळलेलं लोखंड पुन्हा गंजून बसतं. म्हणून ठिपके अनेकदा मुळाच्या वाटेने नळीसारखे लांबट दिसतात. जमिनीने दरवर्षी लिहून ठेवलेली पाण्याची पातळीच आहे ती. भर मे महिन्यात, थेंबभर ओल नसताना, ती वाचता येते. जमीन विकत घेताना विहिरीचं पाणी सगळे बघतात. दोन फुटांचा खड्डा खणून हे ठिपकेही जरूर बघावेत, असं मी प्रत्येकाला सांगतो.

एक खूण आणखी. ओढ्याकडेच्या साचलेल्या पाण्यावर कधीकधी तेलासारखा इंद्रधनुषी तवंग दिसतो. लोकांना वाटतं, कुणीतरी डिझेल सांडलं. काडीने तो हलवून बघा. तेल असेल तर तवंग पुन्हा सांधला जातो. लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचा असेल तर काचेसारखे तुकडे होतात आणि ते वेगळेच राहतात. तुकडे झाले तर खालून लोहयुक्त पाणी उपळून येतं आहे, असं समजा.

तुमच्या कलमांवर मात्र दुहेरी आपत्ती आली. पावसाळ्यात खाली हवा नाही म्हणून मुळं वरच्या फूटभरातच पसरली, आणि जी खोल गेली ती कुजली. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली. चिकणमातीत खालची ओल केशाकर्षणाने बरीच वर चढते, जाड रेतीत ती काही इंचच चढते. तिथे उथळ मुळांना काय मिळणार? एकच जमीन श्रावणात बुडवते आणि चैत्रात तहानेने मारते. काजूबद्दल तुम्ही ऐकलं ते खोटं नव्हतं. हलकी, रेताड, निकस जमीन काजूला चालते. पायाशी पाणी उभं राहिलेलं चालत नाही. सल्ला देणाऱ्याने पोत पाहिला, जागा पाहिली नाही. सागाचंही तेच होईल, तेव्हा तो लावू नका.

तुमच्या तुकड्यात जुन्या जांभळी आहेत, हे मी सर्वांत मोलाचं मानतो. जांभूळ, अर्जुन, करंज ही झाडं पाय ओले आणि पाय कोरडे, दोन्ही सोसतात. तिथे काय लावायचं, हे त्या जांभळींना आधीच ठाऊक आहे. याच ओलीची शेवटची पायरी पाहायची असेल तर चोर्ला घाट उतरून सत्तरीत बांबरच्या निरंकाराच्या रायीत जा, किंवा दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला. तिथे रानजायफळाची झाडं पाण्यात उभी असतात आणि श्वास घ्यायला गुडघ्यासारखी वाकलेली मुळं चिखलाबाहेर काढतात. देवाच्या नावाने राखली म्हणून निरंकाराची राय आजवर उभी आहे.

करायचं काय? मृगाच्या आधी भोकं पाडलेला चार फुटांचा पीव्हीसी पाइप जमिनीत उभा पुरा, वरून झाकण लावा, आणि स्वातीपर्यंत दर आठवड्याला काडी सोडून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहा. एवढ्या एका वहीतून कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा जास्त कळेल. पाणी पाऊस थांबल्यावर चार दिवसांत उतरत असेल तर दीड-दोन फूट उंच मातीचे ढीग करून त्यावर कलमं लावता येतील. महिनाभर हलत नसेल तर त्या भागात काजूचा नाद सोडा. वरून आणखी वाळू टाकून काही होणार नाही, परात तीच राहते. शेणखत आणि पाचोळा मात्र टाका, त्याचा उपयोग पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यात ओल धरायला होतो. जेसीबी ओल्या मातीवर फिरवू देऊ नका. आणि ओढ्यापर्यंत खोल चर मारून सगळं पाणी काढून टाकायचा मोह होईल, तो कृपा करून टाळा. त्या जुन्या झाडांची मुळं याच पातळीला सरावलेली आहेत, आणि तुमच्या रेतीत मुरलेलं पाणी दिवाळीनंतर सावकाश झिरपून ओढ्याला मिळतं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून खानापुरावरूनच पुढे जाते. तिला उन्हाळ्यात जे काही पाणी असतं, त्यात अशा झिरप्यांचा वाटा असतो.

वरच्या अंगाचं जंगल अलीकडे तोडलं गेलं आहे का, हे पत्रात नाही. ते जरूर बघा. झाडं पानांवाटे जमिनीतलं पुष्कळ पाणी हवेत सोडतात, ती गेली की खालच्या सखल भागात पाण्याची पातळी वर येते. जुन्या माणसांना ‘पूर्वी इथे इतकं पाणी साचायचं का?’ असं विचारलंत तर उत्तर मिळेल.

प्रश्न : आमची जमीन निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी, काळी आणि भारी. तिथेही पाणी साचतं. मग हाच प्रकार का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही, तुमचं दुखणं वेगळं आहे. कॅम्पच्या वाचकांच्या जमिनीत पाणी खालून वर चढतं, तुमच्या जमिनीत ते वरून खाली जातच नाही. काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच्या वर अडतं. म्हणून त्यांना उपयोगी नसलेले चर तुम्हाला उपयोगी पडतील, उथळ आणि उताराच्या दिशेने काढलेले. उसाला पाणी देताना हात आखडता घ्या. कोरड्या दिवसांत जमिनीवर पांढरी खार फुटताना दिसली तर थांबू नका, माती तपासून घ्या. ती चोपण होऊ लागली असेल तर नुसत्या चरांनी भागणार नाही, जिप्समही घालावं लागेल.